डागाचा रकाना

(नुकसानभरपाई कार्यालयातली लहानशी खोली. टेबलामागे अधिकारी बाई. समोरच्या दोन खुर्च्यांवर लॉन्ड्रीचे मॅनेजर आणि उजवा हात गळ्यात अडकवलेली इस्त्रीवाली.)

मॅनेजर : ...तेच तर मघापासून सांगतोय, मॅडम. झालं ते वाईट झालं, माणुसकी आम्हालाही आहे. पण या बाई त्याच्या आदल्या महिन्यातच काम सोडून गेल्या होत्या. हे हजेरीबुक. त्या महिन्यात यांचं नाव दिसतंय का बघा.

अधिकारी : नाव नाही खरं. मग हात भाजला कुठे?

मॅनेजर : घरी. इस्त्री करताना.

इस्त्रीवाली : मॅडम, हा हात मनगटापासून कोपरापर्यंत एकसारखा भाजलाय. तीन बोटं चेपलीत, ती आता मिटत नाहीत. घरच्या इस्त्रीने एवढं होतं? हे करणारा, लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतो तो तापलेला रोलर माझ्या घरात ठेवायचा, तर सासूबाईंना छतावर झोपवावं लागेल.

मॅनेजर : बघा, जीभ कशी चालते.

इस्त्रीवाली : हात चालत नाही ना, साहेब.

अधिकारी : पुरे. ताई, तुमचा राग मला कळतो, पण मला कागद लागतो. हात भाजला त्या मंगळवारी तुम्ही कामावर होतात, याला पुरावा काय? तो नसेल तर उपचाराचा खर्च, बुडालेला पगार, हाताची भरपाई, यातलं काहीच मला देता येणार नाही. बरोबरच्या बायका साक्ष देतील?

इस्त्रीवाली : एका पायावर देतील. पण माझ्यापायी त्यांच्या पोटावर पाय नको. मी साहेबांचीच साक्ष आणलीय. या पिशवीत आहे. जरा सोडता का? गाठ एका हाताने सुटत नाही.

अधिकारी : हा तर अ‍ॅप्रन.

इस्त्रीवाली : माझा. साहेब स्वतः घेऊन आले होते दवाखान्यात, वर चार सफरचंदं. म्हणाले, 'तुझी खुंटी रिकामी केली. तुझं काही आमच्याकडे राहायला नको.'

मॅनेजर : मग? बाईची वस्तू बाईला दिली, हा गुन्हा झाला का?

अधिकारी : धुतलाय मात्र छान. घडी कशी सुरेख!

इस्त्रीवाली : त्याबाबतीत साहेबांना मानलं पाहिजे. मळका कपडा त्यांच्या हातून बाहेर पडायचा नाही, आणि चिठ्ठीशिवाय तर रुमालसुद्धा नाही. स्वतःचा सदरा धुवायला टाकला तरी आधी चिठ्ठी लिहितात. वीस वर्षांची सवय आहे, जाते थोडीच? कमरेचा पट्टा उलटा करा, मॅडम. टाचणीला आहे.

अधिकारी : 'अ‍ॅप्रन, एक नग. इस्त्री विभाग, बाई क्रमांक सात. धुवायला आला : मंगळवार, बारा तारीख.' साहेब, हे अक्षर कुणाचं?

मॅनेजर : चिठ्ठ्या काय, कुणीही लिहितं.

अधिकारी : खाली सही तुमची आहे. अशीच हजेरीबुकावरही आहे. आणि हा पुढचा रकाना कसला?

इस्त्रीवाली : डागाचा. कसला डाग, कुठे लागला, ते आधीच लिहून ठेवायचं. म्हणजे गिऱ्हाईक नंतर भांडायला आलं, तर त्याला बोलायला जागा नको.

अधिकारी : 'डाग : रक्त. रोलर क्रमांक दोनवर लागलेला. थंड पाण्यात दोनदा भिजवला. पूर्ण गेला नाही.'

मॅनेजर : अहो मॅडम, ते... रकाना रिकामा कसा सोडणार?

अधिकारी : नाहीच सोडायचा. म्हणजे मंगळवारी बाई क्रमांक सात रोलरवर होत्या.

मॅनेजर : होती! पण चूक तिचीच ना! चादर अडकली तर यंत्र बंद करायचं. मध्ये हात घालायला कुणी सांगितलं होतं?

इस्त्रीवाली : तुम्ही. रोलरपुढची हात अडवणारी पट्टी कुणी काढून ठेवली? 'काम मागे पडतं, सुरकुती हातानेच सरळ करा,' हे कोण म्हणालं? अकरा वर्षं ऐकलं तुमचं. एकदा तरी उलट बोलले असते, तर आज मुठीत काही धरता आलं असतं.

अधिकारी : ताई, पाणी घ्या. पट्टीची चौकशी वेगळी होईल, ते मी लिहून घेतलंय. या खोलीत चूक कुणाची हा प्रश्नच नाही. काम करताना लागलं का, एवढंच मी बघते. लागलं. तेव्हा उपचाराचा सगळा खर्च, बरं होईपर्यंतचा पगार आणि निकामी झालेल्या बोटांची भरपाई, तिन्ही मंजूर. साहेब, हे हजेरीबुक आता इथेच राहील.

मॅनेजर : मॅडम, एकदम असं... आपण जरा बसून काहीतरी मधला मार्ग...

इस्त्रीवाली : बसलोच आहोत की, साहेब. तासभर झाला.

अधिकारी : बाहेर कसली कुजबुज चाललीय?

इस्त्रीवाली : आमच्या इस्त्रीवाल्या आहेत. आठही जणी.

मॅनेजर : आठही? मग लॉन्ड्रीत कोण आहे?

इस्त्रीवाली : कुणी नाही. मी नको नको म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण! पट्ट्या बसल्याशिवाय रोलर तापवणार नाही म्हणतात.

अधिकारी : त्यांना आत यायचंय का?

इस्त्रीवाली : नाही मॅडम, मावायच्या नाहीत. तुम्ही निकाल लिहिलात की जरा मोठ्याने वाचाल का?

अधिकारी : वाचते. ते दार उघडं ठेवा.