पानथरीची कलमं

हॅलो? … हो ताई, मीच. … हॉस्पिटलातच, बाकावर बसलोय. … नाही, रिपोर्ट अजून नाही. दहा मिनिटांपूर्वी विचारलंस तेव्हाही नव्हता.

अगं, ऐक ना… शिडीवरून पडलो त्याला आता तीन महिने झाले. … हो, पोट हातगाडीच्या दांड्यावरच आपटलं. … हो, शिडी मीच लावली होती, आणि वाकडी लावली होती. तीस वर्षं माळीकाम करून! झालं समाधान?

आज काय बघणार? … कितव्यांदा सांगू! डाव्या फासळ्यांखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, असते ना, तिच्या चिंध्या झाल्या होत्या. रक्त थांबेना. काढावीच लागली. … हो, सगळी. पण सर्जन हुशार. तिचेच पाच चांगले काप घेतले आणि पोटातल्या चरबीच्या पदरात लावून दिले. … लावून म्हणजे लावून! आपण फांद्यांची कलमं लावतो तसे. ते जगले का, हेच आज कळणार. जगले, तर जंतूंशी लढायचं काम थोडंफार पुन्हा सुरू. नाही जगले, तर साध्या तापालाही जन्मभर घाबरायचं. … लसी? घेतल्या, सगळ्या. त्या काही सुटत नाहीत.

चरबी? … हो ताई, भरपूर निघाली. सर्जन म्हणाले, जमीन कसदार आहे. … हस, हस.

मीही विचारलं त्यांना, काप केवढे जाड घेतले, दोन कापांत अंतर किती सोडलं. … म्हणाले, "तुम्हाला पुन्हा भूल देऊ का?"

काय? … तुझी? … नको, ताई. … मन मोठं आहे गं तुझं, पण पानथरी तुझ्याकडेच राहू दे. माझ्या पोटात आली तर दोन दिवसांत बाकीच्या अवयवांना कामाला लावेल.

तेल? कसलं तेल? … चोळायचं नाही! … दाबूनही बघायचं नाही! … हे बघ, लहानपणी मी गुलाबाची बारा कलमं लावली होती, आठवतं? … आणि मुळं फुटली का म्हणून रोज सकाळी उपटून कोण बघायचं? … काळजीपोटी. हो. बाराच्या बारा काळजीपोटी मेली.

म्हणूनच तर तुला आज आणलं नाही.

थांब, आत बोलावलंय. फोन चालू ठेवतो, पण तू बोलू नकोस. … हे बघ, बोललीसच.

हो डॉक्टर, बसतो. … किती? … पुन्हा एकदा सांगा.

ताई… पाचातले चार रुजले. … अगं, चार! रक्त पोचतंय, कामालाही लागलेत म्हणे. … हॅलो? … ताई? … लाईन गेली का? … आहेस? मग बोल ना काहीतरी. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलीस, ती आज? … रडतेस होय? … अगं वेडे, माझे जगले. रडायचं तर त्या गुलाबांसाठी रड.

काय म्हणालीस? … पाचवा का नाही रुजला? … नाही, जागेवरून हलला वगैरे काही नसेल. … नाही, हात लावून बघायचं नाही! … येऊ नकोस! … हा हॉर्न कसला? बसमध्ये आहेस? … पुढचाच थांबा? … तेल घेऊन? … हॅलो? … हॅलो?

डॉक्टर, इथे मागचं दार कुठे आहे हो?