चार बोटं रिकामी नळी

सकाळचे साडेअकरा, मुरबाडमधली माती तपासायची प्रयोगशाळा. समुद्रात तेल काढायचा प्लॅटफॉर्म उभा राहणार होता. त्याच्या पायाखालची वाळू नळ्यांत भरून टेम्पोने आली होती. सैल वाळू भूकंपात चिखलासारखी पातळ होते, प्लॅटफॉर्मचे पाय खचतात. म्हणून ती सैल की घट्ट, हे इथे ठरणार होतं.

नळ्या उघडायचे काशिनाथमामा, घरचे भातवाले. मी तिथे नोंदी ठेवायच्या कामावर. मला म्हणाले, "बघा, समुद्रात काठोकाठ भरून बूच लावलेली नळी. वर चार बोटं रिकामी."

"सांडली?"

"नाय ओ. पायली आपटली की भात खाली बसतो ना? तशी टेम्पोत, रस्त्याच्या खड्ड्यांनी बसवलीय. समुद्रात सैल असली तरी आता घट्टच लागणार ती!"

प्रयोगशाळेचे साहेब मान वर न करता म्हणाले, "मामा, तुम्ही भात मोजा. वाळू आम्ही बघतो."

"बघा. पण माझा पोरगा तिकडंच कामाला लागणाराय, साहेब."

अहवालात वाळू घट्ट निघाली, म्हणून खांब कमी खोल ठोकले. मामांचा पोरगा आज त्याच प्लॅटफॉर्मवर आहे. नळी चार बोटं रिकामी कशी झाली, हे मी साहेबांना तीनदा लेखी विचारलं. एकाही पत्राला उत्तर नाही.