ग्रेडी वाकला तेव्हा

...आणि वर मला म्हणते, शांत बस! आता कुणी म्हणावं? तर माझ्या बायकोनं! स्वतः पाच तास गाडी हाणत सामन्याला निघालीय, गळ्यात हिरवा मफलर, डोक्यावर हिरवी टोपी, थर्मासमध्ये कॉफी, आणि दारात उभी राहून मला काय सांगते, "लेनी, डॉक्टरांनी काय सांगितलंय? पाय वर ठेवायचा आणि शांत बसायचं." अहो, बसणार कसा? तुम्हीच सांगा. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम अकरा दिवस झालेले. चाळीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांत रांगत फरशा बसवल्या, अर्धं नेब्रास्का माझ्या गुडघ्यांखालून गेलंय, ते कधीतरी झिजणारच, त्याबद्दल तक्रार नाही माझी... पण झिजायचं तर उन्हाळ्यात झिजावं की नाही? नोव्हेंबरात? पोराच्या शेवटच्या सामन्याच्या तोंडावर?

तर आमचा पोरगा, ग्रेडी. कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो फुटबॉल. ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटायचं. चार वर्षं झाली. चार वर्षांत प्रत्यक्ष मैदानावर किती खेळला? तुम्हाला सांगतो, शून्य. मिनिटं सोडा हो, सेकंद नाही! आणि "काय खेळतो तो?" म्हणून कुणी विचारलं की सांगायची चोरी. कारण तो... वाकतो. हसू नका! वाकतो, दोन पायांमधून बघतो आणि चेंडू मागे फेकतो. आठ-दहा हात मागे एकजण गुडघा टेकून बसलेला असतो, तो चेंडू पकडून जमिनीवर उभा धरतो, मग तिसरा येऊन त्याला लाथ मारतो, आणि तो चेंडू त्या दोन उंच खांबांमधून गेला की तीन गुण. टाळ्या कुणाला? लाथ मारणाऱ्याला! टीव्हीवर नाव कुणाचं? लाथ मारणाऱ्याचं! आमच्या ग्रेडीचं काय दिसतं? पँटचा मागचा भाग! नाव तरी कधी घेतात का? घेतात. चेंडू डोक्यावरून गेला, सामना हरला, की घेतात. मग आठवडाभर घेतात. म्हणजे बघा, बापानं मनात काय आणायचं? पोराचं नाव टीव्हीवर यावं असं वाटतंय, आणि आलं तर वाटोळं! आणि या कामालासुद्धा तो राखीव, पुढे दुसराच एक धडधाकट पोरगा, डाल्टन त्याचं नाव, चार वर्षांत एकदा शिंकला नाही तो!

आणि मला म्हणे, शांत बस.

बरं, एकटं तरी बसू द्यावं? तेही नाही. डार्लीननं माझ्यावर पहारा बसवला. कुणाचा? तर तिच्या आईचा. एल्व्हिरा, आमच्या सासूबाई. वय सत्त्याऐंशी, गुडघे दोन्ही स्वतःचे. जन्म गेला या गावात, जिथे शनिवारी लग्न ठेवलं तर भटजीसुद्धा... म्हणजे आमचे पाद्री हो, तेसुद्धा कानात रेडिओ लावून येतात, आणि या बाईला अजून माहीत नाही की खेळात एकूण चेंडू किती असतात. आल्या, कोट काढला, आणि पिशवीतून ती बाटली काढली. आता त्या बाटलीबद्दल सांगितलंच पाहिजे. सुपरमार्केटात वाइनच्या कपाटात सगळ्यात खालचा खण असतो बघा, जिथे वाकायला लोकांना लाज वाटते? तिथली. बूच नाही, फिरकीचं झाकण. कडेला पाय रोवून, तोंड लाल करून ती बुचं ओढत बसायची भानगडच नाही, फिरवलं की झालं. मी पूर्वी बिअरवाला, पण बिअर प्यायली की दर वीस मिनिटांनी उठावं लागतं, आणि तो चार पायांचा वॉकर ढकलत जाऊन येईपर्यंत समोरचा संघ गुण काढतो. वाइनचं तसं नाही. वाइन बसून राहते. त्या दिवशी आमच्या घरात शांत बसलेली तेवढी एकच गोष्ट होती! गोळ्या गुरुवारीच संपल्या होत्या, डॉक्टर म्हणाले होते, एक पेला चालेल. पेला केवढा, ते बोलले नव्हते.

सामना सुरू झाला. तिकडे बर्फ भुरभुरतंय, वारा असा की खांबांवरचे झेंडे ताठ आडवे झालेले. आमचे पुढे, मग ते पुढे, मग आमचे... आणि मी काय पाहतोय? मी डाव्या कोपऱ्यात पाहतोय, जिथे राखीव पोरं उभी असतात. बत्तीस हिरवी हेल्मेटं सारखीच दिसतात हो! डार्लीनला फोन केला, "दिसतोय का?" तर म्हणते, "दिसतोय. उभा आहे. शांत बस." ठेवला फोन.

मध्यंतर संपता संपता पिझ्झा आला. आमच्या गावातला तो पिझ्झा, वर डुकराचं सॉसेज आणि आंबवलेला कोबी. बाहेरचे लोक नाक मुरडतात. मुरडू देत. त्या आंबट कोबीखाली चीज असं वितळून बसलेलं असतं, कडा करपून कुरकुरीत... माझ्या बापानं तोच खाल्ला, मी तोच खातोय. खोका उघडला, वास घेतला, पहिला घास घेतला, म्हटलं चला, सामना काय व्हायचा तो होवो, एवढं तरी सुखानं...

तेवढ्यात डाल्टनचं बोट मोडलं.

तुम्हाला सांगतो, चार वर्षांत त्या पोराचं नाव टीव्हीवर पहिल्यांदा आलं ते बोट मोडल्यावर! "डाल्टनच्या हाताला दुखापत दिसते आहे," असं तो समालोचक जेवल्यावर ढेकर द्यावी तितक्या सहज म्हणाला. पण डाल्टन बाहेर म्हणजे आत कोण? दुसरा आहेच कोण! मी उठलो. सासूबाई म्हणाल्या, "लेनर्ड, बस." मी बसलो. पुन्हा उठलो. "लेनर्ड, बस म्हणते ना!" अहो बसतोय कुठला? तो वॉकर घेऊन मी सोफ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून सोफ्यापर्यंत, डॉक्टरांनी आठवड्याभरात चालायला सांगितलं होतं तेवढं मी पाव तासात चाललो! हातात पिझ्झा. एक तुकडा संपला की दुसरा. चव? विचारू नका. पुठ्ठा दिला असता तरी खाल्ला असता.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ग्रेडी मैदानात आला. आला, वाकला, फेकला, मागच्या पोरानं चेंडू लाथेनं लांब उडवून समोरच्यांना दिला, संपलं. चार सेकंद. समालोचक हवामानाबद्दल बोलत होता. मी म्हटलं, "आई, पाहिलंत? तो ग्रेडी!" सासूबाई म्हणाल्या, "कुठला?" म्हटलं, "वाकलेला!" तर म्हणतात, "सगळेच वाकलेत रे." आणि वर, "हा माणूस फार ओरडतो, माझं डोकं उठलंय," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज बंदच करून टाकला. रिमोट मांडीवर. मागायची सोय नाही.

आणि मग ते शेवटचे नऊ सेकंद.

ते एकवीस, आपण वीस. चेंडू असा ठिकाणी की आता एकच उपाय, लाथ मारायची. गेला मधून तर जिंकलो, नाही तर घरी. आणि लाथ मारायची म्हणजे आधी कुणी वाकायचं? माझ्या पोरानं! हात गारठलेले, चेंडू ओला, वारा सुटलेला, पन्नास हजार माणसं ओरडतायत, आणि चेंडू जरा उंच गेला, जरा डावीकडे गेला, तर उद्या सकाळी किराणा दुकानापासून चर्चपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. कुबिचेक! फरशीवाल्या कुबिचेकचा पोरगा! त्याला तर जन्मभर पुरेल ते. बाविसाव्या वर्षी माणसाला पुसता येत नाही असलं काही. मला बघवेना हो. खरं सांगतो. पोराच्या आयुष्यातला एवढा मोठा क्षण, आणि बाप काय करतो? बाप वॉकर फिरवतो, हातात अर्धा तुकडा पिझ्झा, आणि कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतो!

तिथे काय, ते धुलाईचं यंत्र आणि मी. त्याला मिठी मारून उभा. म्हटलं, "आई! सांगा हं काय चाललंय ते!"

पलीकडून आवाज, "सगळे उभे आहेत."

"मग?"

"आता वाकला."

"कोण?"

"आपला ग्रेडी. कंबर अगदी त्याच्या आजोबांसारखी आहे."

"कंबर राहू द्या हो! मग?"

"वाकलेलाच आहे."

"मग?!"

"अरेच्चा. साबणाची जाहिरात लागली."

समोरच्यांनी वेळ मागून घेतला होता! मुद्दाम! पोरांच्या हातापायांत गोळे यावेत म्हणून! पोरांचं माहीत नाही, माझ्या आले. साबण झाला, गाडी झाली, विमा झाला, माझ्या कपाळावरून घाम वाहतोय, बाहेर बर्फ पडतंय आणि मला घाम, आणि पलीकडून सासूबाई काय म्हणतात? "लेनर्ड, तिथे उभा काय राहतोस, बस की शांत कुठेतरी!" कुठे बसू? कपड्यांच्या टोपलीत?

"आला," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाकला."

मी डोळे मिटले. यंत्राचं झाकण गच्च धरलं.

"फेकला."

"कसा?"

"कसा म्हणजे? मागे."

"सरळ?"

"सरळच. त्या बसलेल्या मुलानं धरला... आता एक जाडा मुलगा ग्रेडीच्या अंगावर पडलाय. असं चालतं का रे? पंच काही बोलत नाहीत... आणि तिकडे तो चेंडू... तो त्या दोन खांबांच्या मधून पलीकडे गेला." मग हळूच, "लेनर्ड... हे चांगलं असतं ना?"

चांगलं असतं ना!

मी ओरडलो की रडलो, मला माहीत नाही. नव्या गुडघ्यावर उडी मारली नाही एवढीच अक्कल शाबूत होती. बाहेर आलो, रिमोट मागितला, आवाज लावला. समालोचक नाव घेत होता, लाथ मारणाऱ्या पोराचं. पुन्हा त्याचंच. मग चेंडू धरणाऱ्याचं. मग प्रशिक्षकाचं. लाथ मारणाऱ्याच्या शाळेतल्या प्रशिक्षकाचंसुद्धा! तो क्षण पाचदा दाखवला, पाचही वेळा सुरुवात कुठून? चेंडू धरणाऱ्याच्या हातात चेंडू आल्यापासून! तो तिथवर पोचला कसा, याचं कुणाला काही पडलेलंच नाही. आणि मी सोफ्यावर बसून कान देऊन ऐकतोय, आणि आमचं नाव एकदाही, एकदाही नाही! तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पेला भरला. शेवटचा तुकडा राहिला होता, गार, चीज घट्ट झालेलं. हळूहळू खाल्ला. काय चव होती!

मग डार्लीनचा फोन. ओरडतेय, हसतेय, नाक ओढतेय. "लेनी! पाहिलंस ना? सांग ना कसा फेकला!" म्हटलं, "मला काय विचारतेस, तू तिथे होतीस ना?" म्हणते, "मला बघवेना रे... पुढच्या रांगेत एक माणूस होता, त्याच्या कोटाच्या पाठीत तोंड खुपसलं मी." कोण माणूस? "ओळखीचा नाही." म्हणजे पाच तास गाडी चालवून हिनं काय पाहिलं, तर परक्या माणसाचा कोट! आणि मला म्हणे, शांत बस!

अर्ध्या तासानं ग्रेडीचा फोन. मागे नुसता गोंधळ, गाणी, आरडाओरडा. "डॅड! पाहिलंत?" आता काय सांगू? खोटं बोलणं मला जमत नाही, फरशी कमी पडली तरी गिऱ्हाइकाला सांगून टाकतो मी. म्हटलं, "पोरा... आजीशी बोल." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

सासूबाईंनी चष्मा नीट केला, जसं काही फोनमधून तो दिसणार होता. म्हणाल्या, "ग्रेडी, चेंडू सरळ गेला बाळा. मग तो जाडा तुझ्यावर पडला. तू पालथा पडलास, पण हात वर काढून ठेवला होतास. उठलास तेव्हा हेल्मेटात बर्फ गेलं होतं, ते झटकलंस, आणि सगळे तिकडे त्या लाथवाल्याकडे धावले तेव्हा तू एकटा त्या जाड्याला हात देऊन उठवत होतास. चांगलं केलंस."

पोरगा म्हणाला, "आजी, तू चेंडूकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस?"

"मग कुणाकडे बघू?" त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना मी ओळखत नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं. बर्फ बघत होतो. बर्फच!

बरं, हे इथेच संपावं? नाही! पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला घरात एकोणीस माणसं, मध्ये टर्की, आणि सासूबाई सांगतायत. सगळ्यांत मोठ्या जाणकार आता त्याच! डोळ्यांनी पाहिलेलं घरात एकच माणूस! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जाडा मुलगा एक होता, जेवणानंतरचं गोड वाढेपर्यंत तीन झाले. मी मान डोलावतोय, हो, हो, अगदी असंच, म्हणतोय, करणार काय? आणि डार्लीनचा तो भाऊ, तो विचारतोच, "आणि लेनी कुठे होता गं तेव्हा?"

सासूबाईंनी हातातला काटा खाली ठेवला. एकोणीस माणसं माझ्याकडे बघतायत. म्हणाल्या, "लेनर्ड? तो कपडे धूत होता."

मी म्हटलं, हो. पांढरे होते.