नळ नसलेला सिनेमा

—आणि दोन हजार सातच्या पौषात, नाशिकच्या असल्या थंडीत, तुम्ही थंड बाटली हातात धरून बसलात, खंडेराव? ठेवा ती खाली. हा चहा घ्या. मध्यंतर संपलं तर संपू द्या — आत जायचं नाही. तिकिटं मी काढली, तेव्हा उठायचं कधी तेही मीच सांगणार. सिनेमा आहे का हा? नाव ‘सामाईक नळ’, आणि नळ कुठाय? टीव्हीवर मालिका होती तेव्हा चार बिऱ्हाडं आणि एक नळ — सगळी मजा त्या नळाची. इथं ज्याला त्याला बंगला, बंगल्यात पोहायचा हौद. हौदात डुंबणारा माणूस पाण्यासाठी भांडेल का? नाही भांडणार. आणि तो तात्या! मालिकेतला तात्या कसा, वाळल्या शेंगेसारखा — बादलीला साखळी-कुलूप लावून रांगेत ठेवायचा. ह्यांनी पैलवान आणलाय. उघडा नाचतोय, बर्फात. पाणी हवं तर तो बर्फ वितळव की बाबा!

असं काय बघता? मी कुठं मालिका बघत होतो? मला शेतातून सवड नव्हती. मग साखळी-कुलूप कसं ठाऊक? ऐकून. ...बरं, थोडं दिसायचं. तुमच्या खिडकीतून. मखमलाबादेत तुमच्या भिंतीलगत आमचा वाफा — दर गुरुवारी तिन्हीसांजेला तिथं खुरपत असायचो, ते काय तण काढायला? तण कधीच संपलं होतं. पुढं मेथीही संपली. आत? आत कशाला येऊ? आत आलो की बसा म्हणणार, बसलो की चहा येणार. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तुमच्या घरून सरूवहिनींनी ताटभर पोळ्या धाडल्या, तर त्या ताटात वांगी घालूनच ताट परत जायचं. ते जमत होतं. पण आमच्या मंडळींना, गोजराबाईला, तुमच्या घरात जे मिळालं ते कुठल्या भांड्यात घालून परत करू?

छाया आमची तापानं गेली, ते साल. पोरगी गेली आणि बाईचा आवाज गेला. मला समजूत घालता येत नाही — कुदळ मारता येते. वहिनींनी तिला हाताला धरून नेली, टीव्हीपुढं बसवली. दर गुरुवारी. नुसती बसायची. आणि एका गुरुवारी मी वाफ्यात, आणि आतून — हसली. मोठ्यानं. मी खुरपं खाली ठेवलं. लय वेळ उचललंच नाही.

राहू द्या ते. चहा निवतोय, प्या.

आता मागच्या श्रावणात वहिनी गेल्या आणि तुम्ही तसेच झालात. तुमची सून सांगत होती — शुभांगी — बाबा जेवतात, निजतात, पण बोलत नाहीत, हसत नाहीत. म्हणलं, पोस्टरवर तेच नाव आहे, नेऊ ह्यांना. तिथंच चुकलो. बियाणं न बघता पाकिटावरचं चित्र बघून घेतलं — जन्म शेतीत घालवून! आता माझं फेडायचं तसंच राहिलं, वर तुम्हाला थंडीत बसवलं.

उठू नका. ऐका. तात्या तोंडाला साबण लावतो आणि नेमकं पाणी जातं — आठवतं? डोळे मिटलेले, असा चाचपडत येतो — सरका, जागा द्या — चाचपडत, चाचपडत, आणि हाताला लागतो घरमालकाचा कान. तात्याला वाटतं, नळच. पिळतो. असा — अहो, हलू नका, कान द्या इकडं — असा! ‘सोडा हो पाणी, हक्काचं आहे!’ मालक बोंबलतोय, तात्या आणखी पिळतोय — ‘वॉशर गेला वाटतं!’ — लोक बघतायत तर बघू द्या, सत्तरी उलटली माझी, मला कोण काय म्हणणार — ‘अरे, हा नळ गरम कसा लागतोय—’

काय झालं? ठसका लागला? थांबा, पाठीवर... चहा सांडला धोतरावर. सांडू द्या.

हसताय, खंडेराव.

हसा, हसा. मी धरलंय तुम्हाला.

...हां. फिटलं. चला घरी.