मधली पायरी

दाताच्या दवाखान्यात पुढचा नंबर आजींचा होता. दाढ ठणकत होती, पण कान शेजारी होते. आत सरांची दाढ काढत होते आणि बाहेर त्यांची बायको धापा टाकत आलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीला अडवत होती.

"अगं, त्यांना तासभर बोलायची बंदी आहे!"

"काकू, नुसती मान हलवली तरी माझा प्रबंध सुटेल."

"एवढं काय सापडलंय?"

"पायरी! अणूच्या गाभ्याने न्यूट्रॉन गिळला, की तो जिन्याच्या टोकावर चढून बसतो. मग उड्या मारत उतरतो, दर उडीला एक गॅमा किरण. मला दोन नवे किरण जोडीने मिळालेत, आणि त्यांच्या ऊर्जेची बेरीज अख्ख्या जिन्याएवढी!"

"म्हणजे मध्ये टेकायला जागा आहे."

"काकू, तुम्हीच सही करा!"

सर बाहेर आले. तिने पुढे केलेला आलेख पाहून त्यांनी चष्म्याची रिकामी डबी हलवून दाखवली.

"नमुन्याची डबी रिकामी ठेवून तपासली, सर! त्यात हे किरण नाहीत."

"पायरी!" सर ओरडले. तोंडातला कापूस आजींच्या मांडीवर पडला.

"पुढचा नंबर!" आतून डॉक्टरांची हाक आली.

"माझी दाढ थांबेल हो," आजी हळूच म्हणाल्या, "आधी ह्यांना बूच बसवा."