राजाचा कागद आणि कणसूळचा बांध

मंडळी, आज आरंभालाच एक विचारतो. उत्तर मला देऊ नका, आपापल्या मनाला द्या. राज्यात अन्याय झाला, तर पाप कुणाच्या माथी? राजाच्या? राजाच्या चाकराच्या? की आणखी कुणाच्या? तिसरं नाव आत्ताच नाही सांगत. सांगितलं तर पुढच्या रांगेतले काका चप्पल शोधायला उठतील!

वामनराव, पेटी जरा हळू. आज गाणं थोडं, कडूपणाच जास्त.

ऐका. चारशे-साडेचारशे वर्षांमागची गोष्ट. बखरीत शोधू नका, सापडायची नाही. ही कीर्तनकाराची गोष्ट आहे, पण तुमच्या अंगाला लागली तर खरी समजा! खाली दक्षिणेला, खाडीच्या काठी कणसूळ नावाचं गाव. साठ घरं. मुलूख फिरंग्यांचा. राजा कुठे? लिस्बनला! आणि राजा तरी कसा? त्याच्या वर फक्त देव. मध्ये कुणी नाही. तो बोलला की कायदा, तो गप्प बसला तरी कायदा! त्याची प्रजा देवळात त्याचं नाव घ्यायची— त्यांच्या देवळात हो, क्रूस होता तिथे. कणसूळही तोवर बाटलं होतं. का, कसं, ते आज नको. माणसं तीच, माती तीच, भूकही तीच!

त्या गावात लोरेन्सो नावाचा गांवकर, म्हणजे गावच्या जमिनीचा पिढीजात वाटेकरी. आज्याचं नाव रवळू, याचं लोरेन्सो. बायको इनास. आणि या गावाचा जीव कशात? बांधात! खाडीला भरती यायची, खारं पाणी चढायचं. ते अडवायला पूर्वजांनी चिखलाचा लांबच लांब बांध घातला होता. बांधाच्या आत भात, बाहेर खाडी. दर वर्षी पावसाळा सरला की साठही घरांतली माणसं टोपल्या घेऊन उतरायची आणि बांध लिंपायची. कुणी सांगायचं नाही, कुणी हुकूम काढायचा नाही. पोट सांगायचं!

खाडीच्या तोंडाशी किल्ला. किल्ल्यावर कप्तान. मोठा भक्त बरं का! गळ्यात माळ, ओठांवर प्रार्थना, आणि डोळा? डोळा कणसूळच्या भातावर! त्याला त्या जमिनीवर हवं होतं मिठागर. एके सकाळी शिपाई आले, त्यांनी बांध दोन जागी फोडला. गांवकर धावले— "अहो, काय करताय? पीक उभं आहे!"

शिपाई म्हणाले, "राजाच्या नावाने!"

संपलं! राजाचं नाव आलं की पुढे बोलायचं काय? भरती आली. हिरवं भात संध्याकाळपर्यंत पाण्यात, चार दिवसांत पिवळं, पंधरा दिवसांत काळं. इनास बांधावर बसून रडली नाही. म्हणाली, "चला, टोपल्या घ्या. आजच बुजवू."

गावाने काय केलं? गावाने सभा भरवली! सभेत एक म्हातारा म्हणाला, "राजा चांगला आहे रे. चाकर वाईट. राजाला ठाऊकच नाही! राजाला कळलं ना, तर याची साल काढील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळी, हे वाक्य ऐकलंय का कुठे? "साहेब चांगला आहे हो, खालचे लोक वाईट!" हसू नका. रडायची जागा आहे ती.

ठरलं! कुणीतरी राजाकडे जायचं. पण जाणार कोण? साठ घरांतली एकोणसाठ लोरेन्सोकडे बघू लागली. गावचा पाद्री म्हातारा, भला माणूस. त्याने अर्ज लिहून दिला. लोरेन्सोने काळवंडलेल्या शेतातली मूठभर माती फडक्यात बांधली. इनास म्हणाली, "तुम्ही जा. पण यांना सांगून जा, की तोवर बांधाची भगदाडं बुजवायला लागा."

गावकरी म्हणाले, "छे छे! राजाचा कागद येऊ दे. मग रीतसर बुजवू!"

रीतसर! वा रे वा!

गेला लोरेन्सो. जहाजाच्या तळाशी पाणी उपसण्याचं काम धरून गेला. आठ महिने! शेजारी झोपणारी माणसं हिरड्या कुजून मेली, त्यांना गोधडीत गुंडाळून समुद्रात सोडलं. हा जगला. लिस्बनला उतरला, तर थंडी अशी की श्वासाची वाफ दिसते! राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसला. दारवान हाकलायचा, हा परत बसायचा. एक नाही, दोन नाही, चौदा महिने! सरदारांचे घोडे बांधले, त्यांचे जोडे पुसले, पण पायरी नाही सोडली. मंडळी, तुम्ही देवळाच्या पायरीवर चौदा मिनिटं बसता का? जाऊ दे.

एका शुक्रवारी राजा प्रार्थनेहून पायीच आला. हा आडवा झाला! भालेवाले धावले. राजा म्हणाला, "थांबा. कोण रे तू?"

मंडळी, लोरेन्सोने मान वर केली आणि काय पाहिलं? वाटलं होतं सूर्य दिसेल! दिसला एक किडकिडा माणूस. नाक लाल, सर्दी झालेली. हाच तो, ज्याच्या शब्दाने सात समुद्रांपलीकडे बांध फुटतात!

"महाराज, मी कणसूळचा."

"ते कुठे आलं?"

"दोन पावसाळ्यांच्या वाटेवर, महाराज." आणि त्याने फडकं सोडलं. "हे माझं शेत. चाखून बघा."

दरबारी हसले. राजा नाही हसला. त्याने चिमूट उचलली, जिभेवर ठेवली.

"खारट," म्हणाला.

"महाराज, हे तुमच्या नावाने खारट झालं."

राजाचा चेहरा उतरला. सांगतो मंडळी, तो माणूस वाईट नव्हता. तिथेच लेखनिकाला बोलावलं. "लिही! बांध परत बांधून द्या. जमीन परत द्या. ही माझी इच्छा आहे, आणि माझी इच्छा हाच कायदा!" लाखेची मोहोर उठली. लोरेन्सो पायऱ्यांवर ढसाढसा रडला. म्हातारा म्हणत होता तेच खरं! राजा चांगला!

पुन्हा आठ महिने समुद्र. गाव सोडल्याला अडीच वर्षं झाली होती. परत आला तर केस पांढरे, दात चार. बांधाकडे आधी गेला. भगदाडं तशीच! उलट रुंदावलेली. शेतांच्या जागी मिठाचे ढीग. इनास दारात उभी होती. इतकंच म्हणाली, "तुम्ही राजाची वाट पाहिलीत. गावाने तुमची. बांधाकडे कुणीच नाही पाहिलं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव किल्ल्याच्या मैदानात. लोरेन्सोने कागद पुढे केला. कप्तान उभा राहिला. टोपी काढली! गुडघ्यावर बसला! मोहोरेचं चुंबन घेतलं, कागद डोक्यावर ठेवला. गावकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी! मग कप्तान उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला—

"माझ्या राजाची आज्ञा मला शिरोधार्य आहे. अंमल मात्र करणार नाही. इथली परिस्थिती राजाला ठाऊक असती, तर त्याने असं लिहिलंच नसतं. मी त्याला सविस्तर कळवीन."

लोरेन्सो म्हणाला, "त्याचं उत्तर कधी येईल?"

"समुद्राला विचार."

बघा! बघा मंडळी! राजाचा मान ठेवला, नमस्कार केला, चुंबन घेतलं— आणि आज्ञेचा खून केला! ज्याच्या वर फक्त देव, त्या राजाचा शब्द कप्तानाच्या लाकडी पेटीत जाऊन पडला.

आता लोरेन्सोने काय केलं? घरी गेला नाही. ओहोटी होती. टोपली घेतली, चिखल भरला आणि भगदाडात ओतला. एक टोपली. दुसरी. इनास पदर खोचून शेजारी आली. गाव? गाव बांधावर उभं! साठ घरांची माणसं, हात मागे बांधून. शिपाई आले, त्यांनी लोरेन्सोला धरलं.

"गुन्हा काय माझा?"

"राजाच्या मिठागराची नासधूस. राजद्रोह!"

"अहो, राजानेच तर लिहिलंय! कागद वाचा!"

कप्तान हसून म्हणाला, "कागद माझ्याकडे आलाय. तू कोण तो अंमलात आणणारा?"

त्या अख्ख्या राज्यात राजाची आज्ञा पाळली एकाच माणसाने, आणि राजद्रोही ठरला तोच! नेताना लोरेन्सोने शिपायांना शिवी दिली नाही. गावाकडे वळून ओरडला, "अरे, एकेक टोपली तरी टाका रे! फक्त एकेक!"

कुणी हललं नाही. तो म्हातारा पुटपुटला, "राजाला परत कळवायला हवं."

लोरेन्सोला गलबतावर वल्ही मारायला साखळीत बांधलं. तो परत आला नाही. इनासने भरती येईस्तोवर चिखल टाकला. भरती आली, चिखल घेऊन गेली. दुसऱ्या ओहोटीला ती पुन्हा उतरली. तिसऱ्याला पुन्हा. तापाने अंथरूण धरेपर्यंत ती उतरत राहिली. मग गावातलं एकेक घर उठत गेलं. चार वर्षांनी राजाचा दुसरा कागद आला— "आमच्या पहिल्या आज्ञेचं काय झालं?" तेव्हा नवा कप्तान होता. त्यानेही टोपी काढली, त्यानेही कागद डोक्याला लावला. ऐकायला मात्र कणसूळात कुणी उरलं नव्हतं.

आता सांगा, पाप कुणाच्या माथी? राजाच्या आहेच, ज्याने आपलं नाव मोकाट सोडलं. कप्तानाच्या तर आहेच आहे. पण तिसरं नाव, मंडळी... बांधावर उभी होती ना, हात मागे बांधून? ती! साठ घरं एक दिवस उतरली असती, तर एका ओहोटीत भगदाड बुजलं असतं. पुढे तलवारी चालल्या असत्या, मी नाही म्हणत नाही. पण गाव तसंही मेलंच ना?

तुमच्या गावच्या ओढ्याला गेली तीन वर्षं फेस येतोय. गुरं पाणी पीत नाहीत. येताना पाहिलं मी. सरपंचांना विचारलं, तर म्हणाले, "बुवा, वर अर्ज केलाय. वरचे साहेब चांगले आहेत." आणि देवाचं म्हणाल, तर त्यालाही तुम्ही लिस्बनलाच ठेवलाय! तो बघून घेईल! इथे ग्रंथ उघडतो, तुम्ही पुढे येऊन तो डोक्याला लावता, डोळे मिटता आणि घरी जाता. अंमल? परिस्थिती वेगळी आहे बुवा! मीही त्यातलाच. फेटा बांधून तीस वर्षं बोलतोय, हाताला चिखल लागलेला नाही माझ्या.

वामनराव, पेटी मिटा. टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. आज नामाचा गजर करायला माझी जीभ उचलत नाही. सकाळी ओढ्यावर येतो मी. कोण कोण येतंय, ते तिथेच बघू.