उलटे पाइप

गळका पाइप मांडीवर घेऊन पोल्ट्रीवाली बाकावर नंबराची वाट बघत होती. तिच्या पुढचा म्हातारा उजवा हात कोटाच्या खिशात घालून पाइपवाल्या मिस्त्रीशी बोलत होता.

"नवे नकोत. ट्रॅक्टरमागचे तेलाचे दोन पाइप फक्त अदलाबदल करून द्या."

"त्यासाठी दुकानात कशाला आलात, काका? काढायचे, उलटे लावायचे. दोन मिनिटांचं काम."

"अकरा वर्षं मीही हेच म्हणत आलो."

"जोडलेत कशाला?"

"लाकूड फोडायच्या यंत्राला. पहिल्याच दिवशी उलटे बसले. दांडा पुढे ढकलला की पाचर मागे येते, मागे ओढला की पुढे जाते."

"आणि तसंच वापरलंत?"

"अंगवळणी पडलं की उलटंही सुलटंच वाटतं. त्या दिवशी दांड्यावर धाकटा भाऊ होता. त्याला बजावलं होतं, आपलं उलटं आहे, ध्यानात ठेव. ठोकळा तिरका झाला म्हणून मी सरळ करायला गेलो, तर पाचर पुढे यायला लागलेली. ओरडलो, मागे घे."

"मग?"

"त्याने दांडा आणखी मागे घेतला."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"भाऊ कुठे आहे?"

"बाहेर, ट्रॅक्टरवर. मला घेऊन आला, पण पाइपांना हात लावत नाही. म्हणतो, दादा, तू सांगितलंस तेच केलं ना मी?"

"खरंय त्याचं. तुम्हीच कधीतरी बदलायचे होते, काका. दोन मिनिटांचं तर काम."

"दोन मिनिटांचंच आहे. पण दोन हातांचं."